सुतकातली टूर्नामेंट

माझी थोरली नात हातात धरून खेळायच्या मशीनवर मारामारीचा खेळ खेळते आणि चांगली खेळते. हे मी कौतुकाने सांगत नाही. ती कॉलेजात होती तेव्हा यावरून मी तिला भरपूर बोलले आहे. पण गेल्या माघी गणपतीत तिचं खेळणं हा आमच्या मंडळाचा आणि तिच्या सासरचा विषय झाला, त्यात मला मध्ये पडावं लागलं, म्हणून लिहिते.

मशीन म्हणजे मोठ्या डब्याच्या झाकणाएवढी वस्तू. मध्ये पडदा आणि दोन्ही बाजूंना अंगठ्यांनी दाबायची बटणं. तो मोबाइल नव्हे, त्यावर फोन येत नाही. त्यात जुने खेळ भरलेले असतात. उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात ती स्वस्तात मिळतात. ज्या गल्लीत मी जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायचे, त्याच गल्लीत खाली एका सिंधी माणसाचं दुकान आहे. मशीन विकतो, दुरुस्तही करतो. नातीने पहिलं मशीन त्याच्याकडूनच घेतलं, आणि ओळख माझी म्हणून त्याने थोडे पैसे कमी केले.

अंबरनाथला आमच्या बुवापाड्याच्या मंडळात पूर्वी माघी गणपतीला कॅरम असायचा. कॅरमवरून भांडणं होऊ लागली, तेव्हा दोन वर्षांपूर्वी अध्यक्षाने कॅरम बंद करून या मशीनची टूर्नामेंट ठेवली. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर, सगळीकडून खेळणारे आले. मंडपात खुर्च्या टाकल्या, समोरासमोर दोघं बसली की झालं. त्या वर्षी नात जिंकली. सगळ्या पुरुषांना हरवलं तिने. मला त्यातलं काही कळलं नाही, फक्त ती उठून उभी राहिली आणि समोरचा माणूस बसून राहिला, एवढं दिसलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. बदलापूरच्या बाहेर गावात, आगरी कुटुंबात. आम्ही घाटावरचे. पण मुलगा बरा, घर मोठं, आणि दोघांनी आधीच ठरवलेलं, त्यामुळे बोलायला फारसं काही उरलं नव्हतं. बैठकीत सगळे मानपान झाल्यावर सासऱ्यांनी सहज विचारलं, "पोरीला काय मागाचं हाय का?" ती म्हणाली, "दर वर्षी माघी गणपतीत मला खेळायला पाठवा." सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, "जा की. यवराच मागलास?" बैठक संपली.

मग पहिल्याच वर्षी, टूर्नामेंटच्या आधी, तिचा फोन आला.

"आजी, इकडे सुतक आलं."

"कोण गेलं?"

"ह्यांच्या आजोबांचे चुलतभाऊ."

"तू पाहिलं होतंस त्यांना?"

"एकदा, लग्नात. दुसरीच कुणीतरी समजून आशीर्वाद दिला त्यांनी."

त्यांची भावकी मोठी. गावात निम्मी घरं एकाच आडनावाची. कुणीही गेलं तरी सगळ्यांना सुतक. त्यांचं दहावं आमचा गणपती उठल्यानंतर पडत होतं. सुतक असलेल्या बाईने मंडपात पाय ठेवायचा नाही, हे तिलाही माहीत होतं. ती रडली वगैरे नाही. ती म्हणाली, "पहिल्याच वर्षी चुकलं ना आजी, तर पुढच्या वर्षी मलाच मागायची लाज वाटेल. आणि त्यांना वाटेल, गेल्या वर्षी नाही गेली तर काय बिघडलं." हे मात्र बरोबर होतं. सासरी पहिल्या वर्षी जे होतं तेच नेम होऊन बसतं. मी स्वतः पहिल्या वर्षी कारल्याची भाजी खाल्ली, आवडत नसताना, ती पुढे आयुष्यभर माझ्या ताटात पडली.

"मग काय करायचं म्हणतेस?"

"ऑनलाइन. मी इथून खेळते. अध्यक्षांना विचारलं, ते म्हणाले होत नाही. तू विचार. तुला नाही म्हणताना ते घाबरतात."

अध्यक्ष आमच्या दोन दारं पलीकडे राहतो. कारखान्यात सुपरवायझर आहे, पण त्याला मी चड्डीत पाहिलेलं आहे. मी गेले तेव्हा तो मंडपाचे बांबू बांधणाऱ्यांवर ओरडत होता.

"आजी, ते मोबाइलच्या गेमसारखं नसतं," तो म्हणाला. "ही मशीनं जवळ ठेवली तर एकमेकांशी बोलतात. लांब गेली की मुकी."

"किती लांब?"

"मंडपाएवढं धरा."

"माझा फोन बदलापूरला लागतो. हे का लागत नाही?"

"ते मला नाही माहीत."

"माहीत नाही, मग होत नाही असं तिला कसं सांगितलंस?"

तो बांबूवाल्याकडे बघू लागला. मग म्हणाला, "दुकानदाराला विचारा. तो होईल म्हणाला तर माझी ना नाही."

दुसऱ्या दिवशी मी शेअर रिक्षाने कॅम्प तीनला गेले. दुकानदार एक मशीन उघडून त्यात फुंकर मारत होता. मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी सगळं सांगितलं, सुतकासकट. तो म्हणाला, "अम्मा, हो जाएगा. पण."

हा पण मोठा होता. त्याने अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत समजावलं, आणि मला समजलं ते असं. मशीन घरातल्या वायफायला जोडता येतं. मग एकाने आपल्या मशीनवर रूम उघडायची आणि बाकीच्यांनी आपापल्या घरून त्या रूममध्ये यायचं. पण ज्याच्याकडे रूम, त्याच्या घराला इंटरनेटवर स्वतःचा नंबर पाहिजे. आमच्या पाड्यात केबलवाला सगळ्या गल्लीला मिळून एकच नंबर देतो. आतल्या माणसाला बाहेर जाता येतं, बाहेरच्याला आत येता येत नाही, कारण कुठल्या घरात जायचं ते नंबरवरून कळत नाही.

मी म्हटलं, "आमच्या कारखान्यात एकच फोन होता, शेठच्या टेबलावर. आम्हाला गरज पडली तर त्यावरून घरी फोन करू द्यायचा. पण घरून फोन आला तर म्हणायचा, इथे एवढ्या बायका बसल्यात, कुणाला बोलवू? आणि ठेवून द्यायचा."

"बस, तसंच," दुकानदार म्हणाला.

"मोबाइलच्या इंटरनेटवर?"

"तिथेही तसंच."

"आणि तुझ्या दुकानात?"

"मलापण शेअरिंगवालाच नंबर आहे, अम्मा. स्वतःचा मागितला तर देतात, पण अर्ज, फेऱ्या, तोपर्यंत तुमचा गणपती उठेल."

आणखी एक वाट होती, ती त्याने करून दाखवली. परदेशात कुठेतरी एक मोठं मशीन असतं. दोघांनी त्याच्याकडे जायचं आणि त्याने यांचे ठोसे त्यांना नेऊन द्यायचे. त्याने काउंटरवर दोन मशीन शेजारी ठेवली, तशी जोडली आणि एक माझ्या हातात दिलं. मी बटण दाबलं. माझ्या पडद्यावरचा माणूस थांबला, विचार केल्यासारखा उभा राहिला, आणि मग त्याने हात उचलला. तोपर्यंत दुसऱ्याने त्याला दोनदा मारलं होतं.

"हे असं खेळता येईल का?"

"खेळता येईल," दुकानदार म्हणाला, "पण याला खेळ कोण म्हणेल."

मी तिथूनच नातीला फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. ते दोघं बोलत राहिले. मला फक्त त्याच्याकडचं ऐकू येत होतं. "स्टॅटिक? पक्का? किसके लिए लिया?" मग तो हसायला लागला. फोन ठेवून मला म्हणाला, "अम्मा, तिच्या सासऱ्याच्या घराला स्वतःचा नंबर आहे."

सासऱ्यांनी रस्त्याकडेच्या जागेत गाळे बांधलेत. तिथलं सिमेंट, सळया चोरीला जायच्या, म्हणून कॅमेरे लावले. लग्नाकार्याला कुठेही गेले तरी मोबाइलवर गाळे दिसले पाहिजेत, यासाठी त्यांनी तो नंबर घेतला होता. कॅमेऱ्यांची पेटी घरात खालच्या खोलीत. म्हणजे तीन गावांतल्या सगळ्या खेळणाऱ्यांमध्ये बाहेरच्याला आत घेऊ शकेल असं एकच घर होतं, आणि ते तेच होतं.

दुकानदार म्हणाला, एक जादा मशीन मी देतो, ते त्या पेटीशेजारी ठेवू, त्यावर रूम उघडू, कुणीही कुठूनही येऊन खेळेल. मी खूश होऊन परत आले. यात अडचण काय आहे ते माझ्या लक्षातच आलं नाही. अध्यक्षाच्या लगेच आलं.

"म्हणजे रूम सुतकाच्या घरात?"

"हो."

"आजी, आधी एकटी ती लांबून येणार होती. आता मंडपातले सगळे तिच्याकडे जाणार. गणपतीसमोर बसून आम्ही सुतकाच्या घरात खेळायचं?"

"तिथे कोण जातंय? तू इथेच बसणार."

"पण खेळ तिथे मांडलाय ना."

मला हसू आलं, पण त्याला खरंच प्रश्न पडला होता. टूर्नामेंटनंतर काही वाईट झालं, कुणाला ताप आला तरी लोक त्याच्याकडेच बोट दाखवणार होते. त्याने भटजींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. भटजी स्कूटरवर असावेत. त्यांना समजवायला बराच वेळ गेला. शेवटी ते म्हणाले, "याविषयी कुठे लिहिलेलं नाही. शंका असेल तर करू नये."

"बघा," अध्यक्ष म्हणाला.

"काय बघा? लिहिलेलं नाही म्हणाले. मनाई आहे असं नाही म्हणाले. सुतकात देवाला शिवायचं नाही, दिवा लावायचा नाही, गोडधोड करायचं नाही. हे मला माझ्या सासूने सांगितलं. सुतकाच्या घरच्यांशी फोनवर बोलू नका असं कधी कुणी सांगितलं? काल तूच माझ्या नातीशी बोललास. बोलून मंडपात आलास की नाही? आंघोळ केलीस?"

त्याने केली नव्हती. कमिटीतले दोघे हसले, त्यामुळे तो जरा चिडला. पण बोलणं सुरू झालं म्हणजे अर्धं काम झालं होतं. शेवटी असं ठरलं की गणपती मंडपात राहील आणि खेळ मंडपाबाहेर, पाण्याच्या टाकीजवळ वेगळं कापड बांधून होईल. बदलापूरला गेलेलं मशीन मंडपात परत आणायचं नाही. दुकानदाराला हे कळवलं तेव्हा तो म्हणाला, "नका आणू. पण त्यावर गोमूत्र शिंपडू नका, पाणी गेलं की मशीन खलास."

आता राहिली सासू. नात म्हणाली, मी बोलते. मी म्हटलं, तू बोलू नकोस. सुतकाच्या घरी भेटायला जाणं मला होतंच, नातीच्या सासरचं माणूस गेलेलं. पिशवीत मशीन घातलं आणि रिक्षाने बदलापूर आणि तिथून दुसऱ्या रिक्षाने गावात गेले.

गेलेला माणूस शेजारच्या घरातला. दोन्ही घरांच्या मध्ये अंगणात ताडपत्री बांधली होती आणि खाली भावकीतले पुरुष सतरंजीवर बसून पत्ते खेळत होते. सासरे त्यातच, डोकं भादरलेलं. मला बघून त्यांनी पत्ते उलटे ठेवले, नमस्कार केला. मी आधी शेजारच्या घरी जाऊन म्हातारीजवळ बसले. तिला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे फार बोलावं लागलं नाही. मग इकडे आले.

सासूबाई माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान. मला मावशी म्हणतात. नात कोपऱ्यात उभी होती. मी सरळ विषय काढला आणि सगळं सांगितलं, रूम, नंबर, कॅमेऱ्याची पेटी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मावशी, तुमी म्हनता ते समाजला. पन घरान सुतक, आन् सून खोलीन बसून मारामारी खेलल? लोका काय बोलतीन?"

"लोकांना कुठे दिसणार आहे?"

"या गावान? बाजूचे घरान काय शिजवला ते वासावरून सांगतान."

"बाहेर पुरुष काय करतायत?"

त्यांनी दाराबाहेर पाहिलं. "ते पत्ते खेलतान. दिवस जात नाय म्हनून."

"हिचा तरी कुठे जातो?"

"पुरुषांचा येगला असतो, मावशी."

"वेगळं असतं हे खरं. त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. हिचं मशीन मुकं करता येतं."

सासूबाईंना हसू येत होतं, ते त्यांनी पदराने तोंड पुसून दाबलं. सुतकाच्या घरात मोठ्याने हसत नाहीत. मग नातीकडे वळून म्हणाल्या, "तू काय भिताराला लागून उबी? तुला खेलाचाच हाय काय?"

"बैठकीत तुम्ही जा म्हणाला होता," नात म्हणाली.

"जा बोललेली. बस नवती बोलली."

"जाताच येत नाहीये, म्हणून बसते म्हणते."

सासूबाई उठून दारात गेल्या आणि नवऱ्याला हाक मारली. सासरे आले. कॅमेऱ्याच्या पेटीजवळ मशीन ठेवायचं म्हटल्यावर त्यांनी एकच विचारलं, "कॅमेरे बंद नाय ना परनार?" नात नाही म्हणाली. "मंग ठेवा." आणि ते परत पत्त्यांकडे गेले. सासूबाई म्हणाल्या, "दार लावून बस. आन् जेवाचे येलेला बाहेर ये." हो म्हणण्याची त्यांची ती पद्धत.

निघताना 'येते' म्हणायचं नसतं, म्हणून मी काही न बोलता निघाले. घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली. थंडी होती.

शुक्रवारी चाचणी ठेवली. शुक्रवारी इथल्या कारखान्यांना सुट्टी, खेळणारे बरेचसे मोकळे. दुकानदार स्वतः दुकान पोराकडे सोपवून बुवापाड्यात आला. टाकीजवळ टेबल मांडलं, मशीनं आणली, बदलापूरला नातीने रूम उघडली, आणि सगळं जोडलं गेलं. एक मॅच अर्धी झाली आणि वीज गेली. शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात, हे इथे जन्मलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. बायका त्या हिशोबाने दळण टाकतात. पण मशीनला बॅटरी असते म्हणून सगळे निर्धास्त होते. मशीनं चालूच राहिली. बंद पडला तो राऊटर, त्याला कुठली बॅटरी. टेबलाभोवती सगळे हातात पेटलेली मशीनं घेऊन एकमेकांकडे बघत बसले.

"बदलापूरला वीज आहे का?" अध्यक्षाने विचारलं.

नात फोनवरून म्हणाली, "इकडेपण गेली. पण इन्व्हर्टर आहे. कॅमेऱ्यांसाठी."

मंडळाने मग डेकोरेशनवाल्याचा इन्व्हर्टर राऊटरला लावला. मोबाइलचं इंटरनेट वापरावं असं कुणीतरी म्हणालं. दुकानदार नको म्हणाला. रविवारी गर्दी होणार, प्रत्येकाच्या हातात फोन, एका टॉवरवर सगळे तुटून पडणार. केबलच बरी. बाहेर जायला ती चालते, आणि बुवापाड्यातून फक्त बाहेरच जायचं होतं.

परत सुरू झाल्यावर खरी अडचण पुढे आली. कॅम्प तीनचा एक कटिंग मास्तर होता, पहिल्या टूर्नामेंटला तो आला नव्हता. जीन्सचं कापड कापतो, दोन मुलांचा बाप, पोट सुटलेला माणूस. पण खेळात त्याचं नाव होतं. तो नातीबरोबर एक मॅच खेळला, हरला, आणि मशीन खाली ठेवून म्हणाला, "भाऊ, एक बोलू का? तिचा ठोसा आधी निघतो."

"ती चांगली खेळते म्हणून," अध्यक्ष म्हणाला.

"चांगली खेळते. पण रूम तिच्या घरात आहे. तिचं बटण भिंतीपलीकडे जातं. माझं बटण बदलापूरला जाऊन येतं."

सगळ्यांनी दुकानदाराकडे पाहिलं. तो म्हणाला, "सही बोल रहा है. थोडासा फरक आहे. डोळ्याला दिसणार नाही, अंगठ्याला कळतो."

मग गोंगाट झाला. कुणी म्हणालं, तिला घेऊच नका, रूम तेवढी वापरू. हे ऐकून मी उठले. तिच्या घरात बसून खेळायचं आणि तिलाच बाहेर ठेवायचं, असं म्हणणाऱ्याचं तोंड मला बघायचं होतं. पण मी बोलायच्या आत फोनवरून नात म्हणाली, "मी घरच्या वायफायवर खेळत नाही. मी माझ्या मोबाइलच्या इंटरनेटवरून येते. म्हणजे माझं बटणसुद्धा बाहेर जाऊन परत घरात येईल."

दुकानदार म्हणाला, "बेटा, मग तुला त्यांच्यापेक्षा जास्त उशीर लागेल. गावात टॉवर कसा आहे?"

"बरा आहे. गच्चीच्या जिन्यात चांगला येतो."

"केबलपेक्षा खराबच असणार."

"असू दे. कमी आहे असं तर कोणी म्हणणार नाही."

कटिंग मास्तर म्हणाला, "मग माझी तक्रार नाही."

मी फोन घेऊन बाजूला गेले आणि तिला म्हटलं, "वेडी आहेस. जिंकत होतीस की."

"आजी, मी जिंकले आणि त्यांनी वायफायचा विषय काढला, तर पुढच्या वर्षी मला कोण घेईल?"

तिला पुढच्या वर्षाचंच पडलं होतं. मी फोन परत टेबलावर नेऊन ठेवला.

रविवारी दुपारी खेळ सुरू झाला. ऊन टेबलावर येत होतं आणि पडद्यावरचं काही दिसत नव्हतं, म्हणून माझ्या दोन साड्या टाकीला बांधल्या. अध्यक्षाने आरतीच्या वेळी खेळ थांबवला, सगळ्यांना मंडपात नेलं आणि परत आणलं. नातीने पहिला सामना जिंकला, दुसराही. इकडे मंडळाने जोडलेल्या मोठ्या टीव्हीवर दोन माणसं एकमेकांना मारताना दिसत होती आणि त्यातलं एक कोण चालवतंय ते दिसत नव्हतं, म्हणून लोकांना गंमत वाटत होती. एका बाईने मला विचारलं, "आजी, तुमची नात आहे कुठे?" मी म्हटलं, "जिन्यात."

ती जिन्यात कशी बसली होती ते तिने नंतर सांगितलं. दार लावून खोलीत बसायचं ठरलं होतं, पण खोलीत टॉवर नव्हता. जिन्यात बसली की येणारे-जाणारे बघणार. सासूबाई तांदूळ निवडायला सूप घेऊन तिच्या खालच्या पायरीवर बसल्या, वाट अडवून. कुणी वर जायला लागलं की म्हणायच्या, "वर फरशी पुसलेय, नको जाव." तीन वेळा पुसली म्हणे फरशी. मध्येच त्यांनी तिच्या पडद्यात डोकावून विचारलं, "यातला तू कोनता?" ती म्हणाली, "निळा." त्यानंतर निळ्याला मार बसला की त्या तोंडाने च्च करायच्या.

शेवटची मॅच कटिंग मास्तरशी झाली. पहिला डाव तिचा, दुसरा त्याचा. तिसऱ्यात निळा माणूस एकदा जागेवर थांबला, डोळ्याची पापणी लवायला लागते तेवढाच, आणि मास्तरने त्याला खाली पाडलं. टाकीजवळ टाळ्या वाजल्या. मास्तर उठला नाही. त्याने फोन मागून घेतला आणि नातीला म्हणाला, "ताई, तुमची लाइन अडकली का?"

ती म्हणाली, "थोडीशी. पण त्याने फार फरक नाही. तुम्ही चांगले खेळलात."

दुसऱ्या नंबरचा कप गणपतीपुढे ठेवलेला होता, त्यामुळे तो सुतकाच्या घरी पाठवता येईना. प्रसादही नाही. अध्यक्षाने कप माझ्याकडे आणून दिला आणि म्हणाला, तेरावं झाल्यावर घेऊन जायला सांगा. त्याला बरं वाटलेलं दिसत होतं. कुणाला ताप आला नव्हता.

गावात मात्र हे लपलं नाही. कुणीतरी जिन्यातून तिचा फोनवरचा आवाज ऐकला होता, कुणाच्या तरी भाच्याने बुवापाड्यातून मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. पण बोलणारे बोलले ते वेगळंच. सुतकात खेळली याचं कुणाला फार वाटलं नाही. ती लाइनमुळे हरली, नाहीतर जिंकली असती, असं पत्ते खेळणारे म्हणू लागले. सासऱ्यांनी तर कंपनीला फोन करून टॉवरची तक्रार केली.

तेराव्यानंतर ती बुवापाड्यात आली, कप घेतला, आणि मला म्हणाली, "कॅम्प तीनला चल." दुकानदाराने मास्तरला जेवणाच्या सुट्टीत बोलावून ठेवलं होतं. काउंटरवर दोन मशीन समोरासमोर ठेवली. इंटरनेट नाही, रूम नाही, उशीर नाही. मास्तरच्या बोटांना कापडाचा निळा रंग लागलेला होता, तो त्याने पँटला पुसला आणि बसला. मी खुर्चीवर बसून चहा प्यायले. तिसऱ्या डावापर्यंत गेलंच नाही. दोन्ही डाव त्याने घेतले.

दुकानदार म्हणाला, "म्हणजे लाइनचा प्रॉब्लेम नव्हता."

"नव्हताच," नात म्हणाली. तिने मास्तरला विचारलं, तो शेवटचा फटका कसा काढता, आणि त्याने तिला तो हळू करून दाखवला. दोनदा दाखवला. मग त्याची सुट्टी संपली.

रिक्षात मी तिला विचारलं, "वाईट वाटलं?"

"वाटलं. माझा डावा अंगठा हळू पडतो. ते तिथे जिन्यात कळलंच नव्हतं."

घरी पोचतो तोच सासूबाईंचा फोन. तिने तो माझ्याकडे दिला आणि पाणी प्यायला आत गेली.

"मावशी, काय झाला?"

"हरली."

"परत?"

"परत. लाइन वगैरे काही नव्हतं. तो माणूस जास्त चांगला खेळतो."

गावात सगळ्यांना लाइनचं सांगून झालेलं होतं, त्यामुळे त्यांची पंचाईत मला समजत होती. मी विचारलं, "मग पुढच्या वर्षी पाठवणार का तिला?"

"पाठवीन ना. नाय कनाला पाठवीन?" त्या चिडून म्हणाल्या. "बैठकीन बोललोव ना आमी. पन तिला सांगा, वर्सभर नीट शिक म्हनावं. दर टायमाला टॉवरचा नाव कवरा घेऊ मी?"